टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मॅडम

मॅडम आमच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मागायला आल्या नव्हत्या, भांडायला आल्या होत्या. तेव्हा मी तिथे नव्हते. पण आमचे शेठ ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकवायचे, त्यामुळे ती मी स्वतः पाहिल्यासारखी मला आठवते.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेठचा तळमजल्यावर गाळा आहे. शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांची इंजिनं तयार करायची, हा त्यांचा धंदा. एका रविवारी सकाळी शटर अर्धवट उघडं होतं आणि मॅडम चर्चमधून मिस्सा आटोपून मरोळ गावातल्या आपल्या घरी चालल्या होत्या. गाळ्यासमोर आल्या, थांबल्या, हवेत दोनदा हुंगलं आणि शटरखालून वाकून सरळ आत. फुलाफुलांचा फ्रॉक, आखूड कापलेले पांढरे केस, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक.

"पेट्रोल गळतंय तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"गॅरेज आहे बाई," शेठ म्हणाले. "वास येणारच ना."

"मग अत्तराचं दुकान काढायचं. गॅरेज कशाला काढलंत?"

एवढं बोलेपर्यंत मॅडमनी प्रार्थनेचं पुस्तक त्यांच्याच हातात दिलं होतं आणि स्वतः एका गाडीखाली डोकं घातलं होतं. फिल्टरच्या जोडावर त्यांनी बोट फिरवलं, ते आधी स्वतःच्या नाकाशी नेलं आणि मग शेठच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पर्समध्ये स्वतःचा पाना घालून हजर झाल्या. तो जोड घट्ट केला. मग शेजारच्या गाडीचा पाहिला, मग तिच्या पलीकडच्या गाडीचा. त्यानंतर त्या गेल्याच नाहीत. शेठ म्हणायचे, "मी त्यांना ठेवलं नाही. त्या राहिल्या."

मॅडम मूळच्या मरोळच्याच. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलंच जुनं मराठी ख्रिस्ती कुटुंब, विमानतळ होण्याआधीपासून तिथे भातशेती असलेलं. मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या वर्गात बायका शोधून सापडत नसत त्या काळात त्या इंजिनीअर झाल्या आणि एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये नोकरीला लागल्या. विमानाचं इंधन त्याच्या पंखांतल्या टाक्यांमध्ये असतं. त्या टाकीची गळती शोधायला माणसाला आत सरपटत जावं लागतं. मॅडम बुटक्या आणि सडपातळ. सगळ्या हँगरमध्ये त्यांच्याइतकं आत कोणी जाऊ शकायचं नाही. "लोक विमानातून फिरले," त्या सांगायच्या, "मी विमानात फिरले." रिटायर झाल्यावर घरी बसून कोंबड्या पाळायचा बेत होता. कोंबड्या पाळल्याही, पण त्या बहिणीच्या अंगावर टाकून ह्या आमच्याकडे आल्या.

मी मुलुंडची. एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर गाडीच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायचं काम करत होते आणि कंटाळले होते. शेठकडे जागा आहे असं कळलं म्हणून भेटायला गेले. शेठनी माझी डिग्री पाहिलीसुद्धा नाही. आत बोट दाखवून म्हणाले, "मॅडमना पटलीस तर राहशील."

मॅडम स्टुलावर बसून उकडलेलं अंडं सोलत होत्या. चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला.

"गाडी उभी आहे. इंजिन चालू आहे. पेट्रोल कुठे कुठे आहे, सांग."

मी सांगायला सुरुवात केली. टाकीत, पंपात, फिल्टरमध्ये, नळीत, इंजेक्टरमध्ये, परत जाणाऱ्या नळीत. बऱ्यापैकी सांगितलं असं मला वाटलं.

"आणि हवेत," मॅडम म्हणाल्या. "टाकीत पेट्रोलच्या वर जी रिकामी जागा दिसते ना, ती रिकामी नसते गो. तिथे त्याची वाफ असते. दिसणाऱ्या पेट्रोलला सगळेच घाबरतात." अंड्याचा अर्धा भाग त्यांनी माझ्यापुढे धरला. "सोमवारपासून ये."

त्यांचं सगळ्यात विचित्र वाटायचं ते हे, की त्या स्वतःची स्तुती करायच्या. चारचौघांत, मोठ्याने, जराही न लाजता. एखादं काम पुरं झालं की हात पुसायच्या, दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सुरेख केलंय मी." पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत हसले नाही.

"सुरेख नाहीये का?"

"आहे ना मॅडम. पण ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं."

"दुसऱ्याला कळेलच कशावरून?"

आणि जे जमलेलं नसेल त्याच्यापुढेही त्या तशाच उभ्या राहायच्या. "घाण केलीय मी," असं तितक्याच खणखणीत आवाजात म्हणायच्या आणि सगळं उपसून पुन्हा करायच्या. त्यामुळे त्यांची स्तुती कोणाला खटकायची नाही. निदान आम्हाला तरी.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. शिकल्याच नव्हत्या. "मला जायचंय कुठे?" म्हणायच्या. घर चालत दहा मिनिटांवर, चर्च त्याच्या अलीकडे, मासळीबाजार पलीकडे. शिवाय त्यांना गाडी लागायची. साधी रिक्षा वळणावर जरा जोरात गेली तरी पोटात ढवळायचं. ताशी दोनशेच्या पुढे जाणाऱ्या गाड्यांना पेट्रोल कसं पोचवायचं, हे ठरवणारी बाई रिक्षात डोळे मिटून बसायची, आणि यात तिला काहीही विसंगत वाटायचं नाही. "माझ्या पोटात जे होतं तेच टाकीत होतं," त्या मला समजावायच्या. "गाडी उजवीकडे वळली की पेट्रोल डावीकडे पळतं. पंपाचं तोंड असतं मधे. तिथे त्या क्षणी काही नसतं. हवा ओढतो बिचारा."

आणि नाक. मॅडमचं नाक म्हणजे आमच्या गाळ्यातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं. उदबत्ती बंद, सेंट बंद. हळदीकुंकवाच्या दिवशी मी गजरा माळून आले तर तो मला बाहेर वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून यावा लागला. उन्हाळ्यात त्यांच्या घरी वर्षाचा बाटली मसाला व्हायचा, तेव्हा मिरच्या भाजल्या की त्या चक्क सुट्टी घ्यायच्या. घरी मदत करायला नव्हे. "दोन दिवस माझं नाक कामाचं नाही," असं शेठना फोनवर कळवायच्या, जसं कोणी पाय मुरगळल्याचं कळवतं.

मग कोविड आला. मॅडमना दवाखान्यात जावं लागलं नाही, पण वास गेला. सगळ्यांचा काही दिवसांनी परत येत होता, यांचा आलाच नाही. वर्कशॉप उघडलं त्या दिवशी त्या आल्या, आम्हाला गोळा केलं आणि म्हणाल्या, "ऐका. माझं नाक गेलं. आजपासून कोणी माझ्यावर विसंबून राहायचं नाही. प्रत्येक जोडाला खडूची पूड लावायची. पूड ओली झाली तर जोड गळतोय." एवढं बोलून त्या कामाला लागल्या. मी दिवसभर त्यांच्याकडे चोरून पाहत होते. रडतील, निदान गप्प होतील असं मला वाटत होतं. संध्याकाळी त्या एका जोडापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "सुरेख केलंय मी."

त्यानंतर काही काळाने धवल आला.

धवल घाटकोपरचा. वडिलांचा कपड्यांचा मोठा व्यवसाय, ह्याला शर्यतीचं वेड, आणि वेड असूनही गाडी खरंच चांगली चालवणारा. त्याच्या गाडीला टर्बो बसवून इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट केलेली होती. पण एक रोग होता. दक्षिणेतल्या ज्या ट्रॅकवर तो पळायचा तिथे एक लांबलचक उजवं वळण आहे. टाकी भरलेली असेतो गाडी ठीक जायची. शेवटच्या फेऱ्यांत, पेट्रोल कमी झालं की त्या वळणावर खोकायची. जिंकत आलेली शर्यत त्याने तिथे घालवली होती. एका गॅरेजने त्याला मोठा पंप बसवून दिला, तर खोकला वाढला.

"मॅडम, त्याहून मोठा पंप लावा ना," धवल म्हणाला. "मोठ्यात मोठा. इंजेक्टर पण मोठे. एकदम झकास काम करून टाका."

"तुला ताकद किती पाहिजे?"

"जितकी मिळेल तितकी."

"मग जा. ठरवून ये."

त्याला वाटलं थट्टा आहे. मॅडमनी त्याच्याकडे पाठ करून अंडं सोलायला घेतलं. शेठनी कपाळाला हात लावला. धवल खरोखर गेला, आणि पुढच्या आठवड्यात इंजिन ट्यून करणाऱ्या माणसाशी बसून नक्की आकडा ठरवून आला. तेव्हा कुठे मॅडम त्याच्याशी नीट बोलल्या.

"जेवायला किती माणसं येणार हे कळल्याशिवाय भात किती टाकणार? आता कळलं. आता बस."

त्यांची प्लॅन करायची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवर काढायची, पण त्याआधी मॅडम खडूने जमिनीवर अख्खी गाडी काढायच्या, खऱ्या मापाची. पुढे इंजिन, मागे टाकी, मधे सीट, सायलेन्सरचा तापलेला पाइप कुठून जातो तेही. मग पायातल्या चपला काढून त्या खडूच्या गाडीत चालायच्या. सुरुवात टाकीपासून नाही, इंजिनापासून. इंजिनाला सगळ्यात जास्त तहान लागेल तेव्हा दर मिनिटाला किती पेट्रोल लागेल, त्यावरून इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर केवढे. इंजेक्टर कधीही पूर्ण दमाने चालवायचे नाहीत, थोडा दम राखून ठेवायचा. त्यावरून पंप, पंपावरून नळीची जाडी. असं मागे मागे येत टाकीपर्यंत पोचायचं. मग वळायचं आणि पेट्रोल होऊन पुन्हा इंजिनाकडे चालत जायचं.

"चल, तू पेट्रोल हो," त्या मला म्हणायच्या. "निघ टाकीतून. उजवं वळण आलं. कुठे गेलीस?"

मी भिंतीकडे सरकायची.

"पंपाला काय मिळालं?"

"हवा."

"आणि पंप मोठा केला तर?"

"जास्त हवा. लवकर."

"बघ," त्या धवलला म्हणाल्या, "हिला कळलं. आणि जे जास्तीचं पेट्रोल इंजिनाला नको असतं ते गरम होऊन टाकीत परत येतं. मोठा पंप म्हणजे टाकी तापवायचं यंत्र. गाडी खोकली तर नशीब समज. न खोकता अर्धपोटी पळत राहिली ना, तर पिस्टन वितळेल."

धवल वाकून खडूची टाकी निरखायला लागला. माझ्या लक्षात आलं, हा पोरगा ऐकून घेणारा आहे.

उपाय मॅडमनी असा काढला, की मोठ्या टाकीजवळ एक छोटी उभट टाकी बसवायची. एका लहान पंपाने मोठ्या टाकीतून ती सतत काठोकाठ भरत ठेवायची. जास्तीचं परत मोठ्या टाकीत. इंजिनाचा मुख्य पंप फक्त ह्या छोट्या टाकीतून ओढणार. वळणावर लहान पंपाने क्षणभर हवा ओढली तरी छोटी टाकी भरलेलीच असते. कल्पना नवी नव्हती, शर्यतीच्या गाड्यांत असं करतातच. पण छोटी टाकी केवढी, तिच्यात पेट्रोल कुठल्या बाजूने शिरलं तर फेस होणार नाही, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून मोठ्या टाकीत आडवे पडदे कसे लावायचे, यावर आम्ही कितीतरी दिवस घालवले. ड्रॉइंग काढताना मी पडद्यांना खाली खाचा ठेवल्या होत्या, म्हणजे पेट्रोल पंपाकडे येईल पण झटकन परत जाणार नाही. मॅडमनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं." बस, एवढंच.

ते पडदे चालतात का हे बघायला आम्ही जे केलं त्याची आठवण झाली की मला आजही हसू येतं. मॅडमनी प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्याची टाकी बनवून घेतली. आत माझे पडदे. पेट्रोल भरून रस्त्यावर फिरणं शक्यच नाही, म्हणून पाणी. पाणी नीट दिसावं म्हणून मॅडमनी घरून कोकमचं आगळ आणलं. पंप म्हणून गाडीच्या काचेवर पाणी उडवतो तो छोटा पंप आणि त्याला एक बॅटरी. हे सगळं घेऊन रविवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षात बसलो. रविवारी इस्टेटचे रस्ते मोकळे असतात.

"भैया, गोल चक्कर से घुमाओ," मॅडमनी रिक्षावाल्याला सांगितलं. "जोर से. राइट में."

"जाना किधर है?"

"किधर नहीं. घुमाओ."

त्याने माझ्याकडे आरशातून पाहिलं. मी मान हलवली. मग मात्र त्याने अशी रिक्षा फिरवली की मॅडम डोळे मिटून दांडा धरून बसल्या आणि विचारत राहिल्या, "हवा आली का? नळीत हवा आली का गो?" मी टाकी मांडीवर दाबून धरून नळीकडे बघत होते. लालभडक पाणी एका बाजूला चढायचं, पण पडद्यांच्या आत, पंपाच्या तोंडाशी हलायचं नाही. "नाही मॅडम! नाही येत!" मी ओरडत होते.

चौथ्या की पाचव्या फेरीला एका हवालदाराने शिट्टी मारली. विमानतळ जवळ, रिक्षा एकाच जागी गोल फिरतेय, आणि आत दोन बायका, मांडीवर लाल पाण्याची पेटी, तिला वायरी आणि बॅटरी. त्याचा चेहरा बघून माझी वाट लागली.

"हे काय आहे?"

"कोकम सरबत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण रिक्षा लागल्यामुळे. हवालदाराला ते कसं कळणार?

"सरबत? मग वायरी कशाला? बाहेर या. पिऊन दाखवा."

मॅडम बाहेर आल्या, फ्रॉक नीट केला, पंपाची नळी तोंडात धरली आणि मला म्हणाल्या, "सुरू कर." मी बटण दाबलं. त्यांनी घटाघट प्यायलं, तोंड पुसलं आणि नळी हवालदारापुढे धरली. "घ्या. साखर कमी आहे."

त्याने घेतलं नाही. पण आम्ही काय करतोय हे मॅडमनी सांगायला सुरुवात केल्यावर तो मोटरसायकलला टेकून सगळं ऐकत राहिला, आणि शेवटी स्वतः रिक्षापुढे उभा राहून वाहनं थांबवून त्याने आम्हाला अजून दोन फेऱ्या मारू दिल्या.

गाडी वेळेत तयार होत होती. सगळ्या नळ्या धवलने आणल्या होत्या. त्याच्या स्पॉन्सरने दिलेल्या, परदेशी छापाच्या, वरून चकचकीत जाळी, टोकांना निळे-लाल जोड. दिसायला देखण्या. मॅडमनी त्या बसवू दिल्या, पण आधी एकीचा तुकडा कापून घेतला आणि लोणच्याच्या बरणीत बुडवून ठेवला. बरणीत शर्यतीत वापरायचं तेच पेट्रोल, इथेनॉल मिसळलेलं. बरणीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "लोणचं नव्हे."

गाडी ट्रकवर चढवायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी बरणी उघडली. पेट्रोल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. तुकडा फुगला होता, आणि आतल्या रबराला नखाने खरवडलं की ते साबणासारखं निघत होतं. छाप खोटा होता. वरची जाळी खरी, आत भलतंच रबर.

"गाडी जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

शेठ आधी समजावत होते, मग चिडले. ट्रक ठरला होता, पहिली शर्यत शनिवारी, दुसरी रविवारी. धवल तर अक्षरशः हात जोडून उभा होता. "मॅडम, एक वीकेंड. तेवढं निघेल ना यार. परत आल्यावर सगळ्या बदलू."

"नाही निघणार असं मी म्हणत नाही. कदाचित निघेल."

"मग?"

"मग काय? गाडी जाणार नाही."

तेव्हा धवल ते बोलला. रागात होता, नंतर त्याला वाईटही वाटलं असणार. "तुम्हाला आता वास येत नाही ना मॅडम, म्हणून तुम्ही सगळ्यालाच घाबरता."

 मॅडमनी गाडीचं बॉनेट उघडलं, पंपाचा फ्यूज उपटला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि घरी चालत्या झाल्या.

संध्याकाळी शेठनी मला त्यांच्या घरी पाठवलं. मरोळ गावातल्या त्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. मॅडम पायरीवर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. आत बहीण चिडली होती, कारण फ्यूज त्यांनी देवघरातल्या मेणबत्तीशेजारी ठेवला होता. "मना नको सांगू," मॅडम आत बघून म्हणाल्या, "तिथे कोण हात लावणार नाय."

मी शेजारी बसले. माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता. आम्हा सगळ्यांची समजूत होती, की हँगरमध्ये कधीतरी काहीतरी भयंकर झालं असणार, आग, कोणी भाजलं असेल, आणि तेव्हापासून मॅडम अशा आहेत. मी विचारलं.

मॅडम हसल्या. "काही नाही झालं. इतकी वर्षं काम केलं, माझ्या हातून गेलेल्या एकाही विमानातून एक थेंब गळला नाही. कधी म्हणजे कधी नाही."

"मग एवढं घाबरायचं कशाला?"

"घाबरतंय कोण?" त्यांनी दाण्यांचं ताट खाली ठेवलं. "त्या नळ्या जिथे बसवल्यात तिथे माझं काम आहे. माझं आणि तुझं. मला त्याचा अभिमान आहे. त्याच्यावर ते साबणाचं रबर बसवून पाठवू? आग लागेल की नाही ते देवाला माहीत. पण ते वाईट काम आहे, हे मला आत्ता माहीत आहे."

 मग माझ्या तोंडून निघालं, "स्टीलच्या नळ्या वाकवून घातल्या तर? टाकीपासून इंजिनापर्यंत. इंजिन हलतं तिथेच फक्त मऊ नळी लागेल, तेवढ्यापुरती आपल्याकडची टेफ्लॉनची. ती तर तुमच्या बरणीतून पास झालीय."

"किती वेळ लागेल?"

"पहिली शर्यत जाईल. दुसरी मिळेल."

मॅडम उठल्या, आत जाऊन मेणबत्तीशेजारचा फ्यूज उचलला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. "हे जाऊन तू धवलला सांग. मी नाही. कल्पना तुझी आहे."

मी सांगितलं. धवलने बराच वेळ दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. मग म्हणाला, "पहिली गेली तर दुसऱ्या शर्यतीत सगळ्यात मागून सुटावं लागेल." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "करा."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही नळ्या वाकवल्या. मॅडमनी पुन्हा जमिनीवर खडूने गाडी काढली, आणि धवल, कपड्यांच्या व्यवसायातल्या घरचा लाडका मुलगा, गुडघ्यांवर बसून त्या रेषांवर नळ्या मांडून बघत होता. सगळं बसल्यावर पंप चालू करून दाब धरला. प्रत्येक जोडाला खडूची पूड लावली. दाबाचा काटा हलला नाही, पूड कोरडी राहिली. मॅडम मागे सरकल्या, कमरेवर हात ठेवले, पण काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

ट्रॅकवर त्या आल्या नाहीत. एवढा प्रवास त्यांना सोसलाच नसता. गाडीबरोबर मी गेले. दुसऱ्या शर्यतीत धवल सगळ्यात मागून सुटला. मी आमच्या टीमच्या जागी, पिटमध्ये थांबले नाही, त्या लांब उजव्या वळणाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. गाडीचा आवाज मला ओळखता येत होता. पहिल्या फेऱ्यांत काळजी नव्हती. टाकी रिकामी होत गेली तशी मी उरलेल्या फेऱ्या बोटांवर मोजायला लागले. शेवटच्या फेऱ्यांत प्रत्येक वेळी गाडी वळणात शिरली की मी डोळे मिटून ऐकायची. आवाज एकसारखा, ताणलेल्या तारेसारखा, आत शिरताना तसाच आणि बाहेर पडतानाही तसाच. शेवटच्या फेरीत त्याने माझ्यासमोर, त्याच वळणावर, पुढच्या गाडीला बाहेरून मागे टाकलं. तिसरा आला. मी कुंपणाची जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले.

मुंबईत परतल्यावर धवल कप घेऊन घाटकोपरला गेला नाही. ट्रकमधून गाडी उतरवून तो ती सरळ मरोळ गावाशी घेऊन आला. गल्लीत ती जाणं शक्य नव्हतं, म्हणून चर्चच्या बाजूला रस्त्यावर उभी केली, मला तिच्याजवळ थांबवलं आणि चालत जाऊन मॅडमना घेऊन आला. त्यांच्यामागून बहीण, शेजारणी, चर्चमधून सुटलेले लोक, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका, बरीच गर्दी जमली.

धवलने कप मॅडमपुढे धरला. "मॅडम, मी त्या दिवशी जे बोललो..."

"बोललास ते बोललास. कप तुझा आहे, गाडी तू चालवलीस," मॅडम म्हणाल्या आणि तो बाजूला सारला. "मागचं झाकण उघड."

त्याने उघडलं. मॅडमनी चष्मा लावला, वाकल्या आणि एकेका जोडावरून बोट फिरवत पार इंजिनापर्यंत गेल्या. वाटेत काही ठिकाणी मला खुणेने नाक लावायला सांगितलं. वास कुठेच नव्हता. त्यांनी आपलं बोट सगळ्या गर्दीला वर करून दाखवलं. कोरडं ठणठणीत.

"बघून घ्या," त्या जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "ही गाडी सगळ्यांच्या मागून निघाली आणि तिसरी आली. हिच्या पोटात पेट्रोल कसं फिरतं ते ह्या बाईने ठरवलंय." आणि माझं मनगट धरून त्यांनी मला गाडीपुढे उभं केलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका मासळीवालीने टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "तू केलं काय गो हे?"

आमच्या घरी कोणी कौतुक केलं की मान खाली घालून "छे, कुठे काय" म्हणायची रीत आहे. शाळेत नंबर आला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा मी तेच केलं होतं. त्या दिवशी मॅडमनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मी मासळीवालीकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. आम्ही दोघींनी केलं."